पाठीमागे न बोलणाऱ्यांचा मळा

लोक प्रवासवर्णनं लिहितात ती हिमालयाची, निदान गोव्याची. मी लिहिते आहे ते बदलापूरचं. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून निघायचं, अंबरनाथ ओलांडायचं, बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं आणि डोंगर जवळ आले की थांबायचं. एवढ्यासाठी मी दोन पिशव्या, एक उशी आणि गुडघ्याचं तेल घेतलं होतं. आमचे हे म्हणाले, "पोचलीस की तार कर." शेजारच्या सिंधी भाभींनी मात्र माझा प्रवास मनावर घेतला आणि डब्यात कोकी बांधून दिली. कांदा-मिरची घातलेली ही जाड, खरपूस रोटी त्यांच्याकडे लांबच्या प्रवासाला करतात. "दीदी, रास्ते में भूख लगे तो," असं त्या म्हणाल्या. मी अंबरनाथच्या शिवमंदिराकडे वळणारा रस्ता यायच्या आतच पहिली कोकी संपवली.

जायचं कारण माझा धाकटा भाऊ शमुवेल, घरातला शमू. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. वडील अंबरनाथच्या कारखान्यात लागले आणि आम्ही इकडचेच झालो. रविवारी चर्चला जायचं, नाताळला करंज्या करायच्या, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, चार दिवस मटण सोडायचं, असा आमचा घरगुती धर्म. शमू एमआयडीसीत फिटर होता. लग्न केलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो मळ्यावरचा पंप दुरुस्त करायला म्हणून गेला आणि तिथेच राहिला. मळा म्हणजे सात-आठ ख्रिस्ती कुटुंबांनी आणि काही सड्या माणसांनी एकत्र येऊन केलेली शेती. जमीन सगळ्यांची, चूल एक, पगार कोणालाच नाही. नव्या माणसाला आधी नुसतं राहू देतात आणि मग एका रविवारी त्याने सगळ्यांसमोर शब्द द्यायचा, की मरेपर्यंत मी इथला.

शमूचा तो रविवार आता येत होता. पण त्याने आईला फोन करून सांगितलं होतं, "तू नको म्हणालीस तर नाही देणार." त्याच्या मानाने हे मोठं भाषण होतं.

आई माझ्याकडे असते. गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, दुसरा मजला. शमू महिन्याकाठी येतो, चहा पितो, आईच्या पायाशी बसतो आणि जातो. दोघांच्या मधली जागा मी बोलून भरून काढते. निघायच्या आदल्या दिवशी आईने मला समोर बसवलं.

"जाऊन बघून ये. शेतीबिती बघू नकोस, आपल्याला काय कळतंय त्यातलं. तिथं त्याची कोणाला काळजी आहे का, एवढं बघ. हा भूक लागली तरी सांगत नाही. उद्या म्हातारा झाला, पडला, तर कोण विचारणार? तू येऊन सांग, मग मी हो की नाही ते सांगते. आणि हे बघ, जे दिसेल तेच सांग. तुझा मसाला घरी ठेवून जा."

मसाल्याचं असं आहे की आमच्या नात्यागोत्यात मला वर्तमानपत्र म्हणतात. कोणाच्या सुनेने काय केलं, कोणाचा जावई कसा निघाला, हे माझ्याकडून ऐकल्याशिवाय आमच्याकडचं एकही लग्न पार पडत नाही. माणूस उठून गेला की त्याची गोष्ट सुरू होते, हा आमच्या घराचा रिवाज. आणि मी निघाले होते ती नेमकी कुठे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सोमवार

बदलापूरला मळ्याचा टेम्पो भाजी उतरवून परत निघाला होता, त्यात मला घेतलं. चालवणारे पौलसभाऊ. ते टेम्पो असा चालवतात की एक म्हैस आमच्या पुढे गेली आणि तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं. भात कापून झालेलं होतं. दोन्ही बाजूंना खाचरांत वालाचे वेल पसरले होते आणि त्यांच्यावर थंडीतलं कोवळं ऊन होतं. मळ्याच्या तोंडाशी आंब्याला रुळाचा तुकडा टांगलेला. तो वाजला की काम, तो वाजला की जेवण, तो वाजला की प्रार्थना.

शमू नव्हता. वर ठाकरवाडीत बांध घालायला मदत म्हणून गेला होता, उद्या येणार होता. मी स्वयंपाकघरात शिरले. तिथे एस्तेरमावशी वाल सोलत बसल्या होत्या. मळ्याची चूल त्यांच्याकडे. साठीच्या पुढच्या, अंगाने बारीक, आवाज मात्र चर्चच्या घंटेसारखा. मीही सोलायला बसले आणि ओळख वाढावी म्हणून म्हटलं, "तुमचे पौलसभाऊ मात्र फारच हळू चालवतात हं."

मावशींनी हात पदराला पुसले. "बोलावू का त्यांना?"

"कशाला?"

"त्यांच्याबद्दल बोलताय ना."

मला वाटलं, चेष्टा. पण त्या दारात जाऊन हाक मारून आल्या आणि पौलसभाऊ चिखलाच्या पायांनी दाराशी येऊन उभे राहिले. "बोला ताई."

मी म्हटलं, "नाही... तुम्ही टेम्पो जरा हळू चालवता."

"हो. ब्रेकचा भरवसा नाही त्याच्या," असं म्हणून ते गेले.

मग मावशींनी सांगितलं. मळ्यावर समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही. कोणी सुरुवात केली की ऐकणाऱ्याने विचारायचं, बोलावू का? आणि खरंच बोलवायचं. वाईट असेल ते तोंडावर, चांगलं असेल तेही तोंडावर. "एका घरात इतकी माणसं राहायची तर याच्याशिवाय जमत नाही, ताई. भांडणं पैशाने होत नाहीत. कुजबुजीने होतात."

"मग आमच्या शमूबद्दल तरी सांगा. कसा आहे तो?"

"उद्या येईल. त्यालाच विचारा."

आईने मला ज्या कामासाठी पाठवलं होतं, ते काम इथे गुन्हा होता. मी दिवसभर प्रयत्न केला. गोठ्यात, विहिरीवर, जेवणाच्या पंगतीत. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खात मी शेजारच्या बाईला हळूच विचारलं, शमू नीट जेवतो ना? ती गोड हसली आणि म्हणाली, "भाकरी घ्या."

वालाच्या खाचरात

मंगळवारी मला शेंगा तोडायला दिल्या. मी भराभर टोपली भरली, कारण बायका बघत होत्या. अर्ध्या तासाने एक जण माझ्याजवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "सुशीलाताई, तुम्ही बियाण्याची ओळ तोडलीत. ती वाळवायला ठेवली होती."

मी वाट बघत राहिले. आमच्याकडे अशा वेळी बाई तोंडावर "असू दे, असू दे" म्हणते आणि संध्याकाळपर्यंत ती ओळ माझ्या नवऱ्याच्या, नणंदेच्या आणि कल्याणच्या मावसबहिणीच्या कानावर गेलेली असते. इथे तसं काहीच झालं नाही. सांगून झालं, तिथे विषय संपला. दुपारी त्याच बाईने माझ्या ताटात शेंगांची उसळ वाढली. तुम्हीच तोडलेल्या, असंही ती म्हणाली नाही. मला त्या दिवशी फार मोकळं वाटलं आणि थोडं करमेनासंही झालं.

संध्याकाळी शमू आला. वाळलेला, काळवंडलेला. "आलीस?" म्हणाला. मी विचारलं, "कसा आहेस?" म्हणाला, "बरा." तेवढ्यात प्रार्थनेचा रूळ वाजला.

बुधवारी मी त्याच्या मागे मागे फिरले. तो पाण्याचे पाट वळवत होता आणि मी बांधावरून बोलत होते. आईने विचारलेलं सगळं विचारलं. तुझी इथे कोणाला काळजी आहे का? त्याने फावडं बांधाला टेकवलं. मग म्हणाला, "मला तसं वाटतं." माझ्याजवळ आईला सांगायला हे इतकंच होतं.

अंबरनाथच्या बाजूला

दर गुरुवारी मळ्याची माणसं अंबरनाथच्या बाजूला, जीन्स धुण्या-रंगवण्याच्या शेडपाशी जातात. मी आयुष्यभर या भागात राहिले, ओढ्याला निळं पाणी आलं की नाकाला पदर लावून पुढे गेले. त्या पाण्यात दिवसभर उभं राहणारी माणसं मी पहिल्यांदा जवळून पाहिली. बहुतेक यूपीकडची. हात कोपरापर्यंत निळे, बोटांच्या बेचक्यांत चिरा, पायांची कातडी सोललेली.

मळ्याची माणसं टेम्पोतून खिचडीचं पातेलं उतरवतात, कडुनिंबाचं कोमट पाणी उतरवतात आणि खाली बसतात. समोरच्या माणसाचा पाय घ्यायचा, धुवायचा, पुसायचा, मलम लावायचं. भाषण नाही, पुस्तकं वाटणं नाही. दानीएलकाका मळ्यातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांना मी विचारलं, "यांना आपल्या धर्माबद्दल काही सांगत नाही का?" ते म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगतो. अजून पायच संपत नाहीत."

आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी वर्षातून एकदा होतो. पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात आणि ते बारा जण आदल्या दिवशी घरी घासून आलेले असतात. मी घमेलं धरून उभी होते. पुढे बसायची हिंमत झाली नाही.

शमू बसला होता. एका मुन्ना नावाच्या कामगाराचा पाय त्याने मांडीवर घेतला होता. मुन्ना त्याला म्हणाला, "भैया, आपका हाथ अब कैसा है? उँगली मुड़ती है?"

शमू म्हणाला, "ठीक है."

"क्या ठीक है. दो तो अब भी सीधी हैं." मुन्ना माझ्याकडे वळला. "आप दीदी हैं ना इनकी? घोणस काटा था इनको. धान काटते टाइम. हम लोग अस्पताल गए थे देखने, हमको लगा नहीं बचेंगे."

मी शमूचा डावा हात बघितला. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट ताठ होतं. मनगटावर कातडी चुरगळल्यासारखी. भातकापणीच्या दिवसांत तो आमच्याकडे आला नव्हता. फोनवर म्हणाला होता, कापणी चालू आहे. त्यानंतर आला तेव्हा चहाचा कप उजव्या हातात, डावा हात खिशात. आईला दिसत नाही. आणि मी बोलत होते.

घमेलं खाली ठेवून मी टेम्पोत जाऊन बसले.

पंगत

त्या संध्याकाळी जेवणाआधीची प्रार्थना झाली आणि मी उभी राहिले. सगळे समोर होते, शमूसुद्धा. नियमात बसत होतं.

मी म्हटलं, "माझा भाऊ दवाखान्यात मरायला टेकला होता. बदलापूर ते उल्हासनगर किती लांब आहे? आम्हाला एक फोन करायला कोणाला जमलं नाही? आणि मी तीन दिवस इथे विचारतेय, तो कसा आहे, कसा आहे. कोणी तोंड उघडलं नाही. तुमचा नियम तुम्ही देवाच्या पुढे ठेवलाय."

भाकऱ्या निवत होत्या. कोणी हात लावला नाही.

दानीएलकाका म्हणाले, "घोणस चावली त्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, घरी कळवतो. तो म्हणाला, मी सांगतो. मग ते त्याचं झालं, ताई. आम्ही धरून चाललो की त्याने सांगितलंय."

"त्याने? याने?"

"हो. चूक झाली. तो किती बोलतो ते आम्हाला माहीत होतं." त्यांनी मान खाली घातली. त्या माणसाने मान खाली घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

मग एस्तेरमावशी बोलल्या. त्यांचा तो आवाज एकदम लहान झाला होता. "दवाखान्यात मी होते त्याच्याजवळ. रोज. दार वाजलं की बघायचे, याच्या घरचं कोणी आलं का. कोणी आलं नाही. मला वाटलं, कसली माणसं आहेत ही. आई आहे म्हणे, बहीण आहे म्हणे, आणि एकदासुद्धा... तुम्ही सोमवारी आलात ना ताई, तेव्हा माझ्या मनात तेच होतं. वाल सोलताना पण तेच होतं. पण तुमच्या मागे मी कोणाजवळ कसं बोलणार? आणि तोंडावर विचारायला धीर झाला नाही."

दोन महिने हे सगळे आम्हाला निर्दयी समजत होते आणि एकानेही दुसऱ्याला तसं म्हटलं नव्हतं. कोणी एकाने जरी कुजबूज केली असती, तर ती फिरत फिरत माझ्यापर्यंत आली असती. माझ्यापर्यंत तर सगळंच येतं.

मी शमूला विचारलं, "का नाही सांगितलंस?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "आईला जिने उतरता येत नाहीत." आणि पुढे म्हणाला, "तिने उतरायला बघितलं असतं."

दुसरा मजला

शुक्रवारी घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मसाला टाकला नाही. साप, दवाखाना, दोन बोटं, मावशी, पंगत. रिक्षात मी ठरवून आले होते की आईकडून नको म्हणवून घ्यायचं. पण जे दिसलं तेच सांगायचं म्हटल्यावर मावशी दाराकडे बघत बसायच्या तेही सांगावं लागलं.

आईने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "त्या बाईने त्याला भरवलं का? हात सुजला असेल ना."

मी म्हटलं, "ते नाही विचारलं."

"रविवारी मला खाली उतरवा," आई म्हणाली.

"आई, गुडघे..."

"खुर्चीत बसवून उतरवा. त्या भाभीच्या मुलांना सांग."

रविवारी पहाटे आमचे हे आणि भाभींची दोन मुलं यांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीसकट दोन जिने उतरवलं. खाली पौलसभाऊंचा टेम्पो उभा होता. मागे गाद्या घातल्या होत्या. भाभींनी पुन्हा कोकी दिली. पौलसभाऊंनी बदलापूरच्या पुढचा तो सगळा खड्ड्यांचा रस्ता असा पार केला की आईच्या गुडघ्याला धक्का लागला नाही. उतरताना ती त्यांना म्हणाली, "भाऊ, तुम्ही फार छान हळू चालवता." ते लाजले. मी दुसरीकडे बघत राहिले.

शब्द देणं आंब्याखाली असतं. शमू मध्ये उभा राहिला, धुतलेल्या शर्टात. आधी गाणं, मग बायबलमधलं वचन. मग दानीएलकाकांनी सगळ्यांना सांगितलं, "याच्याबद्दल ज्याच्या मनात जे असेल, ते आता, याच्यासमोर." त्यांची ही रीत आहे. चांगलंही सांगतात, वाईटही. एक जण म्हणाला, शमू हत्यारं जागेवर ठेवत नाही. एक बाई म्हणाली, तिच्या आजारी सासऱ्याला तो रोज उचलून उन्हात बसवत होता. पौलसभाऊ म्हणाले, ब्रेक त्याने अजून दुरुस्त केले नाहीत. शमू प्रत्येकाकडे बघून मान हलवत होता.

मग आई म्हणाली, "मला बोलायचंय."

खुर्चीसकट तिला पुढे आणलं. तिला तो नीट दिसत नव्हता, म्हणून तिने त्याचा डावा हात धरला. ताठ बोटं चाचपली. एक एक करून, वरपासून खालपर्यंत.

"हा माझा मुलगा," ती म्हणाली. "हा लहानपणापासून बोलत नाही. ताटात भात संपला तर मागणार नाही. कोणी विचारलं नाही तर तसाच उठेल. ताप आला तर पांघरूण घेऊन पडेल, सांगणार नाही. तुम्ही म्हणता, ज्याचं त्याने सांगावं. याला ते येत नाही. मी त्याला शिकवू शकले नाही, आता तुम्हीही शिकवू शकणार नाही. मी याला तुम्हाला देते. पण याच्याबद्दल मला कोणीतरी सांगत जायचं. याच्या मागे, नाहीतर याच्यासमोर, ते तुमचं तुम्ही ठरवा. तो शब्द तुम्ही मला द्या. मग तो देईल."

नियम मोडायचा की कसं, हे आंब्याखालच्या माणसांना एकमेकांकडे बघूनही कळत नव्हतं. दानीएलकाका काही बोलायच्या आत एस्तेरमावशी उठल्या, पदराला हात पुसत आल्या आणि आईसमोर खाली बसल्या.

"मी देते," त्या म्हणाल्या.

आईने त्यांचा चेहरा हातांनी बघितला. मग हळूच विचारलं, "दवाखान्यात त्याला भरवलंत का हो?"

"पहिले काही दिवस. मग म्हणाला, मी खातो."

"म्हणाला?"

"मान हलवली."

आई हसली. त्यानंतर शमूने शब्द दिला. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल. आम्हाला गेला.

आता दर रविवारी संध्याकाळी मळ्यावरून फोन येतो. आई तो स्पीकरवर टाकायला लावते. पलीकडे एस्तेरमावशी आधी सांगतात, "आई, तो समोर बसलाय हं. ऐकतोय." आणि मग सुरू करतात. या आठवड्यात दोन वेळा कमी जेवला. खोकला आहे, काढा दिला. हत्यारं अजून जागेवर ठेवत नाही. मुन्नाच्या पायाची जखम भरली. मी शेजारी भाजी निवडत ऐकते आणि मध्ये बोलत नाही, जे मला फार जड जातं.

सगळं सांगून झालं की आई फोनच्या जवळ तोंड नेते आणि विचारते, "शमू, खरं सांगतायत का त्या?"

पलीकडून आधी इतरच आवाज येतात. गोठ्यातली एखादी गाय, लांब कुठेतरी पाण्याचा पंप.

मग तो म्हणतो, "हो."

आई फोन माझ्या हातात देते आणि म्हणते, "वाढ आता."